शेडमधली फियाट: पुढे जाऊ की थांबू?

एका वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय 57, सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतात. वडील डॉक्टर होते. त्यांनी 1968 साली फियाट 1100 डिलाइट घेतली आणि बावीस वर्षं तीच गाडी घेऊन आसपासच्या खेड्यांत पेशंट बघायला जात राहिले. 1990 मध्ये मारुती 800 आली आणि फियाट घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली. 2018 मध्ये वडील वारले. शेवटच्या दिवसांत ते म्हणाले होते, "गाडीकडे बघ." पुढच्याच वर्षी या वाचकांनी गाडी पूर्ण खोलून काम काढलं. अर्ध्यावर मिस्त्री आजारी पडून गावी गेले. दुसऱ्या गॅरेजवाल्याने दीड वर्ष गाडी ठेवून घेतली आणि पत्र्याचं निम्मं काम करून परत पाठवली. आजवर 4 लाख 80 हजार खर्च झालेत. बंपर, ग्रिल क्रोम करून आलेत, सीटचं कापड शिवून तयार आहे. बॉडी मात्र ठोकळ्यांवर उभी आहे, इंजिन कोपऱ्यात ताडपत्रीखाली आणि नटबोल्ट श्रीखंडाच्या डब्यांत. पुण्यातला भाऊ म्हणतो, भंगारात घाल. पत्नी म्हणते, "तुम्ही त्या शेडमधून हसत बाहेर आलेले मी दोन वर्षांत बघितलं नाही." आई 84 वर्षांच्या आहेत, त्यांना एकदा याच गाडीतून नरसोबाच्या वाडीला न्यायचं असं मनात आहे. "हत्ती गेला, शेपूट राहिलं, असं वाटतं. आता सोडलं तर वडिलांशी बेइमानी होईल. काय करू?"

नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या एका सालापाशी मी अडकलो. 1990. त्या साली तुमच्या वडिलांनी फियाट शेडमध्ये लावली आणि पुढची 28 वर्षं ती तिथेच राहिली. ते होते, गाडी होती, ती हातची जाणणारे मिस्त्री होते. सुटे भाग तर तेव्हा कुठेही मिळत, कारण कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात हीच गाडी पद्मिनी नावाने त्यानंतरही दहा वर्षं बनत होती. तरी त्यांनी ती पुन्हा रस्त्यावर आणली नाही. विकलीही नाही. म्हणजे गाडीवर जीव होता, यात शंका नाही. पण जीव असणं वेगळं आणि ती पुन्हा नवीकोरी करणं वेगळं, हे त्यांना कळत होतं. रात्री दोनला कोणाच्या तरी दारात पोचायचं असणाऱ्या माणसाला सेल्फ मारल्याबरोबर निघणारी गाडी लागते. ती मिळाल्यावर त्यांनी जुनीला निवांत बसू दिलं.

आता "गाडीकडे बघ" या दोन शब्दांकडे या. आजारी माणूस घरातल्या दहा गोष्टी मुलावर सोपवतो. विहिरीच्या मोटारीकडे बघ, आईच्या गोळ्यांकडे बघ, गाडीकडे बघ. पाणी गळू देऊ नको, उंदरांना वायरी खाऊ देऊ नको, एवढाही त्याचा अर्थ होतो. "नवी कर" हा अर्थ तुम्ही लावलात. प्रेमाने लावलात, म्हणून सहा वर्षं रेटलंत. पण तो तुम्ही लावलेला अर्थ आहे, त्यांनी घातलेली शपथ नव्हे. थांबायचं ठरवलंत तर ती बेइमानी होणार नाही, हे मी तुम्हाला आधीच, गाडीबद्दल एक अक्षर बोलण्यापूर्वी सांगून ठेवतो. कारण हे मनातून निघाल्याशिवाय पुढचं काही तुम्हाला सरळ दिसणार नाही.

मी स्वतः एक पद्मिनी पूर्ण केली आहे आणि एक स्टँडर्ड हेराल्ड अर्धवट सोडली आहे. हेराल्ड मद्रासला बनायची. ती बंद होऊन इतकी वर्षं झाली होती की दाराच्या एका रबरासाठी मी चार शहरं फिरलो. चार वर्षं तिच्यामागे होतो. एका रविवारी सकाळी मागचं चाक काढायला जॅक लावला. जॅक वर येत होता, गाडी मात्र जागची हलेना. वाकून बघितलं तर जॅकचं डोकं चॅसीच्या, म्हणजे गाडीखालच्या लोखंडी सांगाड्याच्या, आडव्या पट्टीत पापडात बोट घुसावं तसं आत गेलेलं, आणि खाली फरशीवर तांबड्या भुग्याचा छोटा ढीग. त्याच पट्टीवर मी चार महिन्यांपूर्वी स्वतःच्या हाताने चकचकीत काळा रंग मारला होता. त्या दिवशी मला कळायला हवं होतं. मी आणखी चौदा महिने आणि बरेच पैसे घालवले, कारण "एवढं केलंय, आता कसं सोडू" हे वाक्य मीही रोज म्हणत होतो.

म्हणून तुमच्या हत्तीबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. तुमचे 4 लाख 80 हजार बरेचसे डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवर गेले: क्रोम, कापड, कडेच्या पट्ट्या. राहिलंय काय? पत्रा, इंजिन, ब्रेक, वायरिंग, रंग आणि शेवटची जुळणी. शेपूट गेलंय, हत्ती अजून दारात उभा आहे. यात तुमची चूक मोठी नाही, जवळजवळ प्रत्येक जण हीच करतो. क्रोम होऊन आलेला बंपर हातात घेतला की काम पुढे सरकल्यासारखं वाटतं. सडका पत्रा कापून नवा जोडला की महिनाभर काहीच दिसत नाही, फक्त बिल दिसतं.

फियाट 1100 मध्ये पत्र्याला इतकं महत्त्व का, तेही सांगतो. इटलीत 1953 साली ही गाडी आली तेव्हापासून तिला वेगळी चॅसी नाही. जीपला खाली स्वतंत्र सांगाडा असतो, वरचा पत्रा सडला तरी सांगाडा वजन पेलतो. फियाटची बॉडी हाच तिचा सांगाडा. तळाचा पत्रा, दोन्ही दारांखालून जाणारे सिल, मधले खांब, सगळं मिळून वजन धरतं. सिल सडले म्हणजे घराचा पाया सडला. वरून रंग कितीही सुंदर द्या, खड्ड्यातून जाताना दार आपोआप उघडेल किंवा उघडायचंच बंद होईल.

तेव्हा पुढचा एक पैसा खर्च करण्याआधी एक पूर्ण दिवस शेडमध्ये काढा. सोबत जुना स्क्रू ड्रायव्हर, फ्रिजवर लावतात तसलं पातळ चुंबक आणि टॉर्च घ्या. सिलच्या खालच्या बाजूला, जॅक लावायच्या जागी, मागच्या चाकांच्या वर आतून, डिकीच्या तळाला, पॅडलखालच्या कोपऱ्यात स्क्रू ड्रायव्हर जोर देऊन टोचा. टणक लागलं तर ठीक. आत गेला, किंवा चुरा पडला, तर ती जागा खडूने खूण करून ठेवा. दुसऱ्या गॅरेजवाल्याने केलेल्या कामावर चुंबक फिरवा. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. मग चारही दारं लावून बघा. दाराची फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. मागच्या कडेला वर बोट जात नाही आणि खाली दोन बोटं जातात असं असेल तर बॉडी मधून झुकली आहे. एक गोष्ट त्या गॅरेजवाल्याला फोन करून विचाराच: सिल कापण्यापूर्वी दारांच्या चौकटीत आतून आडवे पाइप वेल्ड करून आधार दिला होता का? दिला नसेल तर कापताना बॉडीने आकार सोडला असण्याची शक्यता खूप. मग नुसता पत्रा जोडून भागत नाही, मूळ मापं परत आणावी लागतात, आणि असं काम करणारे डेंटर, म्हणजे पत्र्याचे कारागीर, आता कमी उरलेत.

चॅसी नंबर पत्र्यावर कुठे ठोकलाय ते शोधा, आरसीशी ताडून बघा, फोटो काढा. कापाकापीत तो भागच गेला असेल तर पुढचे सगळे बेत कागदांवर अडतील.

इंजिनची काळजी मला त्या मानाने कमी वाटते. 1089 सीसीचं साधं चार सिलिंडरचं इंजिन आहे, आणि तुम्ही कोल्हापूरच्या उद्यमनगरपासून फार लांब नाही. बोअर करणं, क्रँक घासणं, हेड बसवणं ही कामं तिथे पिढ्यान् पिढ्या चालतात. जाम असेल तर प्लगच्या भोकांतून थोडं ऑइल सोडून आठ-दहा दिवस राहू द्या, मग हाताने फिरवा. घाई करून सेल्फ मारू नका. यांत्रिक भाग मिळतील, कारण पद्मिनी इतकी वर्षं चालली. फक्त एक लक्षात घ्या, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी 2003 च्या ऑक्टोबरमध्ये नोंदली गेली आणि 20 वर्षं भरल्यावर 30 ऑक्टोबर 2023 ला रस्त्यावरून गेली. टॅक्सीमुळे जी रोजची खरेदी-विक्री होती ती आता नाही. तुम्हाला ब्रेकचे भाग, पंप, कार्बोरेटरचं किट लागणार असेल तर काम पुढे न्यायचं ठरल्यावर तेच आधी घेऊन ठेवा. आणखी क्रोम नको.

हे बघून झालं की एक दिवसाची मजुरी देऊन एखादा जाणता डेंटर बोलवा. त्याला आधीच सांगा की काम तुम्हाला मिळणार नाही, मला फक्त खरं ऐकायचंय. ज्याला काम मिळायची आशा नाही तोच माणूस "साहेब, यात हात घालू नका" म्हणू शकतो. त्याने सांगितलेला आकडा लिहून घ्या, आणि झालेल्या खर्चाची वही त्या वेळी कपाटात ठेवा. समजा शेजारच्या गावातला कोणी म्हणाला, ही खोललेली फियाट, हे श्रीखंडाचे डबे, सगळं फुकट घेऊन जा, पण पूर्ण करायला इतके लाख आणि दोन वर्षं लागतील. तुम्ही टेंपो घेऊन जाल का? याचं मनातून येणारं पहिलं उत्तर खरं असतं.

आईंबद्दल. पत्रात त्यांचा उल्लेख मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. वाडीला न्यायचंय हे तुमच्या मनात आहे, पण त्यांना कोणी विचारलंय का? तसं तुम्ही कुठे लिहिलेलं नाही. कदाचित त्या गाडीची आठवण निघाल्यावर त्यांचे डोळे भरून येतील. कदाचित त्या म्हणतील, "अरे, त्या गाडीत मला नेहमी उलटी व्हायची." दोन्ही शक्य आहे. विचारल्यावर त्यांना खरंच जायचं असेल, तर ती फेरी आणि तुमच्या गाडीचं पूर्ण होणं यांची गाठ आजच सोडा. चालू स्थितीतली फियाट किंवा पद्मिनी जपणारी माणसं सांगली-कोल्हापूर भागात सापडतील. जुन्या गाड्यांची माणसं या बाबतीत मनाने मोठी असतात. आईला वाडीला न्यायचंय म्हटलं तर स्वतः गाडी चालवत येतील. बसायला तीच एकसंध लांब सीट, तोच स्टिअरिंगला लावलेला गिअर. 84 वर्षांच्या माणसाला दोन वर्षं थांब म्हणायची जोखीम मी घेणार नाही.

आता तुमच्यापुढे काय काय आहे ते बघू. भाऊ म्हणतो भंगार, तुम्ही म्हणता पूर्ण. तुमच्या दोघांच्या मध्ये बरीच जागा आहे.

पत्रा बरा निघाला, म्हणजे खडूच्या खुणा मोजक्याच आणि दारं जागेवर, तर नवीकोरी करायचा हट्ट सोडा आणि चालती करा. एकेक काम, एकेक माणूस. पत्रा, मग ब्रेक, मग इंजिन, मग वायरिंग. रंग सगळ्यांत शेवटी, आणि तोही साधा चालेल. पैसे काम बघून टप्प्याने द्या, आगाऊ रक्कम देऊन गाडी कोणाच्या आवारात ठेवू नका. डब्यांतले बोल्ट एका सुट्टीत बसून वेगळे करा, पिशव्यांवर नावं लिहा. हे काम पत्नीला बरोबर घेऊन केलंत तर त्यांनाही तुमचं त्या गाडीशी काय नातं आहे ते जवळून दिसेल. आणि सुरुवात करण्याआधी कागदावर दोन गोष्टी लिहा: याहून जास्त पैसे घालणार नाही तो आकडा, आणि तारीख. तारीख तुमच्या घराला शोभेल अशी, पुढच्या वर्षीची दत्तजयंती. त्या दिवसापर्यंत गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहून अंगणातून एक फेरी मारू शकली नाही तर तिथे थांबायचं. कागदावर पत्नीचीही सही घ्या. मी माझ्या हेराल्डच्या वेळी असं काही लिहिलं नव्हतं, म्हणून ते चौदा महिने गेले.

पत्रा वाईट निघाला तर माझं मत स्पष्ट आहे, थांबा. पण थांबणं म्हणजे भंगार नव्हे, हे भावालाही सांगा. 1968 ची, एकाच घरात राहिलेली, कागद असलेली डिलाइट, क्रोम केलेले भाग आणि शिवलेलं कापड यांसकट एखादा जाणकार माणूस नक्की घेईल. त्याच्याकडे बहुधा चांगली बॉडी असेल आणि तुमची दारं, काचा, डॅशबोर्ड, इंजिन त्याला हवं असेल. सगळं एकत्र द्या, भाग सुटे सुटे विकत बसू नका. घातलेला पैसा परत मिळणार नाही, ते आधीच मान्य करून बोलणी करा. माझी हेराल्ड मिरजेच्या एका तरुणाने नेली. टेंपोत चढवताना तो प्रत्येक दाराखाली गोधडी सारत होता, ते बघून मी घरात गेलो आणि पहिल्यांदा शांत झोपलो. स्टिअरिंग व्हील किंवा पुढच्या काचेवरचं डॉक्टरांचं लाल चिन्ह अजून असेल तर ते तुमच्याकडे ठेवा.

काही करायचं नसेल तर वर्षभर तशीच ठेवणं हाही निर्णय आहे, फक्त तो ठरवून घ्या. ठोकळे सिलखाली मधोमध नकोत, पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलजवळच्या भक्कम जागी हवेत. कव्हर हवा खेळेल असं कापडी घाला. प्लास्टिकखाली पाणी धरतं आणि गंज आणखी वेगाने खातो.

यातलं काहीही करा, कागद आधी. गाडी अजून वडिलांच्या नावावर असेल असं मी धरून चालतो. मालक वारल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून वारसाच्या नावावर करायची असते. उशीर झालाय, दंड पडेल, पण होईल. आई आणि भाऊ हेही वारस आहेत, त्यांची लेखी संमती घ्या. भावाला निमित्ताने समोरासमोर विचारताही येईल की त्याला खरंच काय वाटतं. "भंगारात घाल" हे पुष्कळदा "तू स्वतःला का त्रास करून घेतोस" याचं रूप असतं.

आणखी एक. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 पासून व्हिंटेज नोंदणीची सोय आहे, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये आणि मुदत दहा वर्षं. तुमची गाडी वयाने त्यात बसते. पण त्या नोंदणीवर गाडी फक्त प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते, रोजच्या वापराला नाही. तुम्हाला वाडीला, सांगलीला, लग्नाकार्याला जायचं असेल तर नेहमीचं नूतनीकरण, तपासणी आणि पर्यावरण कर हाच रस्ता. आणि अखेर मोडीतच काढायची वेळ आली तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच द्या आणि आरसी रद्द करून घ्या. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला किलोवर दिलेली गाडी कागदावर तुमच्या वडिलांच्या नावाने जिवंत राहते.

हे वाचणाऱ्या इतरांच्या शेडमध्ये जावा असेल, लॅम्ब्रेटा असेल, विलिस जीप असेल. दुचाकीचं गणित सोपं, ती घरात बसून वर्षानुवर्षं करता येते आणि कोणाच्या पायात येत नाही. जीपवाल्यांनी वरच्या पत्र्याला घाबरू नये, खालचा सांगाडा आणि त्यावरचा नंबर तपासावा. मात्र पत्नीने तुम्हाला जे सांगितलं, ते सगळ्यांनाच लागू आहे. शेडमधून माणूस कसा बाहेर येतो, ते घरातल्यांना त्याच्याआधी कळतं. तुम्ही ते वाक्य पत्रात लिहिलंत, म्हणजे ते तुम्हाला लागलंय.

तेव्हा येत्या रविवारी एवढंच करा. कव्हर काढा, शेडच्या दारात खुर्ची टाकून आईंना तिथे बसवा. गाडीचं काय करायचं हे विचारू नका. तुमचे वडील पहिल्यांदा ही गाडी घेऊन घरी आले तो दिवस कसा होता, तेवढं विचारा, आणि त्या बोलत असताना सिलला स्क्रू ड्रायव्हर लावायला सुरुवात करा.